सॅली फील्ड : एका नटीची पुनःपुन्हा परीक्षा

श्रोतेहो, 25 मार्च 1985 च्या रात्री लॉस एंजेलिसच्या एका रंगमंदिरात अडतीस वर्षांची एक नटी ऑस्करची बाहुली हातात घेऊन उभी राहिली आणि आनंदाच्या भरात काही बोलून गेली. ते बोलणं अमेरिकेत चेष्टेचा विषय होऊन बसलं. तिचं नाव सॅली फील्ड. ती म्हणाली, की माझी कारकीर्द काही सरळ मार्गाची नव्हे. मला सगळ्यांत जास्त हवा होता तो तुमचा आदर. पहिल्या वेळी मला तो जाणवला नाही, या वेळी जाणवतो आहे. आणि शेवटी : तुम्हांला मी आवडते, या क्षणी तुम्हांला मी आवडते, हे मला नाकारता येत नाही. बस, एवढंच. पुढे नकला करणाऱ्यांनी त्या वाक्यात 'खरोखरच' हा शब्द आपल्या पदरचा घुसडला, आणि तिने न उच्चारलेलं ते वाक्य तिच्या नावावर कायमचं चिकटलं.

आता हे हसणं बाजूला ठेवून आपण जरा विचारू, की जिचं तोंड वीस वर्षं देशातल्या घराघरांत ओळखीचं होतं, जिला पाच वर्षांपूर्वी हाच मान एकदा मिळून चुकला होता, तिला लोकांना आपण आवडतो याची खात्री अद्याप का पटू नये? या एका प्रश्नासाठी मी आज आपला वेळ घेतो आहे. माझा विषय इतिहास. नटनट्यांच्या चरित्रात मी सहसा शिरत नाही. पण वयाच्या अठराव्या वर्षी मिळालेली कीर्ती माणसाला काय देते आणि काय हिरावून घेते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आढळलं नाही.

आधी काळाचा अंदाज घेऊ. सॅली फील्डचा जन्म 6 नोव्हेंबर 1946 चा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना गावचा. आई मार्गारेट फील्ड ही चित्रपटांतून लहानसहान भूमिका करणारी नटी. आईबाप विभक्त झाले आणि आईने जॉक महोनी याच्याशी लग्न केलं. हा गृहस्थ धाडसी कसरती करणारा, घोड्यावरून उड्या मारणारा नट. पुढे तो टारझन झाला. 'टारझन गोज टु इंडिया' या 1962 च्या चित्रपटासाठी तो आपल्या देशातही येऊन गेला होता, आणि आपले फिरोज खान व सिमी गरेवाल त्या चित्रात त्याच्याबरोबर होते. म्हणजे घरात नटांची वर्दळ होती. पण ते घर मोठ्या मानाच्या नटांचं नव्हे, काम मिळेल तिथे जाणाऱ्यांचं. पुढच्या हकिकतीत हा फरक महत्त्वाचा ठरतो.

1964 साली शाळा संपली. कॉलेजात जाण्याचा योग नव्हता. त्या उन्हाळ्यात कोलंबिया कंपनीच्या आवारात नवशिक्यांसाठी अभिनयाचा एक वर्ग चाले, तिथे तिने नाव घातलं आणि तिथेच एका माणसाच्या नजरेला ती पडली. पुढच्या वर्षी, 15 सप्टेंबर 1965 रोजी, एबीसी कंपनीच्या दूरचित्रवाणीवर 'गिजेट' नावाची मालिका सुरू झाली आणि अठरा वर्षांची ही मुलगी तिची नायिका होती. मौज पाहा, आपल्याकडे दिल्लीत दूरचित्रवाणीचा पहिला प्रयोग झाला तोही 15 सप्टेंबरचाच, सहा वर्षं आधीचा. दिल्लीत रोजचं प्रक्षेपण सुरू झालं ते या 1965 साली, आणि मुंबईला तर 2 ऑक्टोबर 1972 पर्यंत वाट पाहावी लागली. अमेरिकेत मात्र 1965 मध्ये दहांतल्या नऊ घरांत दूरचित्रवाणीचा संच होता. पाहायच्या वाहिन्या मुख्यतः तीन. तेव्हा तिथे एखादी मुलगी आठवड्यातून एकदा दिवाणखान्यात येऊन हसली, की ती त्या घरचीच होऊन जाई. तिकीट काढून नाटकाला जाणारा प्रेक्षक नटाला काही अंतरावर ठेवतो. घरात आलेल्या नटाला असं अंतर कुठलं?

'गिजेट' ही मॅलिबूच्या किनाऱ्यावर लाटांवर फळीवरून स्वार होणाऱ्या एका शाळकरी पोरीची गोष्ट. फ्रेडरिक कोनर नावाच्या लेखकाने 1957 साली आपल्या मुलीच्या खोड्यांवरून ती कादंबरी लिहिली. तीवर 1959 मध्ये चित्रपट निघाला होता, सँड्रा डीचा. त्यानंतर ही मालिका. मुलीचा बाप विधुर आणि कॉलेजातला प्राध्यापक. प्राध्यापकाच्या घराला समुद्रकिनारा इतका जवळ असतो हे पाहून माझ्यासारख्याला थोडा हेवा वाटतो, पण ते असो. सॅली फील्ड त्यात चटपटीत, खोडकर, आणि मध्येच प्रेक्षकांकडे वळून त्यांच्याशीच बोलणारी. बत्तीस भाग झाले आणि मालिका बंद पडली. त्याच वेळी समोरच्या वाहिन्यांवर अधिक लोकप्रिय कार्यक्रम चालू होते. उन्हाळ्यात जुने भाग पुन्हा दाखवले तेव्हा शाळेला सुट्टी लागलेल्या पोरांनी ते उचलून धरले. कंपनीच्या लक्षात आलं, की मालिका हातची गेली. पण मुलगी अजून हातात आहे. मग तिच्यासाठी दुसरं काहीतरी शोधलं पाहिजे!

ते 'दुसरं काहीतरी' म्हणजे 'द फ्लाइंग नन', उडणारी जोगीण. 7 सप्टेंबर 1967 ला ती सुरू झाली. पोर्टो रिको बेटावरच्या एका मठात सिस्टर बर्ट्रिल नावाची कोवळी जोगीण येते. तिचं वजन नव्वद पौंडांच्या आत, डोक्यावर पंखांसारखं पसरलेलं कडक खळ दिलेलं पांढरं शिरस्त्राण, आणि बेटावर वारा कायमचा. त्यामुळे ती उडते. कथानक एवढंच. तीन वर्षांत ब्याऐंशी भाग झाले. श्रोत्यांना हे ऐकून हसू आलं असेल तर त्यात काही चूक नाही. अमेरिकेतही लोक हसतच होते, आणि पुष्कळसे प्रेमाने हसत होते.

खुद्द नटीला मात्र हसू येत नव्हतं. भूमिका सांगून आली तेव्हा तिने नकार दिला होता. आपल्याला पोरकट कामांत गाडून टाकतील हे वीस वर्षांच्या त्या मुलीला कळत होतं. पण सावत्र बापाने सांगितलं, की हे नाकारलंस तर कदाचित पुन्हा काम मिळणार नाही. तिने होकार दिला. कामाची भीती हा नटांच्या घरचा जुना पाहुणा. मी मघाशी त्या घराविषयी बोललो ते याचसाठी.

आणि इथे या हकिकतीला खरा अर्थ येतो. मालिकेत मठाच्या थोरल्या माताजींचं काम करणारी नटी होती मॅडलिन शेरवुड. ही नाटकाच्या रंगभूमीवर कसलेली, न्यूयॉर्कच्या 'अ‍ॅक्टर्स स्टुडिओ'तली बाई. तिने या खिन्न मुलीला पाहिलं आणि स्टुडिओची जी शाखा लॉस एंजेलिसमध्ये होती तिथे नेऊन सोडलं. ली स्ट्रासबर्ग तिथे शिकवीत. अभिनय म्हणजे नुसती नक्कल नव्हे, आपल्याच मनात साठलेलं काही उकरून त्या पात्राला द्यायचं, असा त्यांच्या पंथाचा मंत्र. म्हणजे दिवसा ही मुलगी तारेला टांगून घेऊन हवेत तरंगत होती आणि कामातून सुटली की, जिथे कोणी तिला हसत नव्हतं, अशा खोलीत जाऊन मुळापासून शिकत होती. दिवसाची कामगिरी देशाने पाहिली; दुसरी कोणी पाहिली नाही. कारकीर्द टिकली ती दुसरीमुळे, असं माझं मत आहे.

ताबडतोब फळ मिळालं का? छे! 1970 मध्ये जोगीण बंद झाली. 1973 साली 'द गर्ल विथ समथिंग एक्स्ट्रा' नावाची आणखी एक मालिका आली, आणि एक हंगाम काढून गेली. तोवर तिचं लग्न झालं होतं, दोन मुलगे झाले होते, आणि ते लग्न मोडण्याच्या वाटेवर होतं. चित्रपटवाले तिला दारात उभं करीत नव्हते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आम्हांला तू माहीत आहेस. कोऱ्या पाटीवर लिहिता येतं. लिहिलेली पाटी पुसणं कठीण. अनोळखी नटीला जी संधी मिळाली असती ती या ओळखीच्या मुलीला मिळेना. किशोरवयात नाव झालेल्या कितीतरी मुलांची नावं याच वळणावर इतिहासातून गळून पडली आहेत.

मग 1976 साल आलं आणि 'सिबिल'ची गोष्ट कानावर आली. एकाच स्त्रीच्या अंगी अनेक व्यक्ती वास करतात अशा एका रुग्णाईत तरुणीवर फ्लोरा श्रायबर या लेखिकेने 1973 साली पुस्तक लिहिलं होतं. त्यावर एनबीसी कंपनी दूरचित्रवाणीसाठी दोन रात्रींचा चित्रपट करीत होती. निर्मात्यांना उडणारी जोगीण नको होती; तिने परीक्षा मागून घेतली. परीक्षेला ती त्या मुलीच्याच अवतारात गेली. काम मिळालं. उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या भूमिकेत होत्या जोआन वुडवर्ड. त्यांनी स्वतः 1957 च्या 'द थ्री फेसेस ऑफ ईव्ह'मध्ये अशाच अनेक रूपांच्या स्त्रीचं काम करून ऑस्कर मिळवला होता. म्हणजे परीक्षक कोण बसले होते, पाहा!

नोव्हेंबर 1976 मध्ये ते चित्र दाखवलं गेलं. सुरुवातीचा भाग पाहताना प्रेक्षकाला जोगीण आठवत असेलही. पण थोड्याच वेळात घाबरलेलं लहान मूल, संतापलेली पोर, बोलघेवडी तरुणी अशी एकामागून एक माणसं एकाच चेहऱ्यातून बाहेर येऊ लागतात, आणि केस किंवा कपडे यांचा आधार न घेता येतात. 1977 साली तिला एमी पारितोषिक मिळालं. इतिहासाचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे : मूळ रुग्णकथा कितपत खरी याबद्दल पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या, डेबी नेथन यांनी 2011 साली त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. तेव्हा ते चित्र म्हणजे वैद्यकाचा पुरावा नव्हे. अभिनयाचा पुरावा म्हणून ते आजही उभं आहे.

त्यातली घाबरलेली मुलगी तिला इतकी साधली कशी, याचं उत्तर लोकांना बेचाळीस वर्षांनी मिळालं. 2018 साली 'इन पीसेस' हे आपलं आत्मचरित्र तिने प्रसिद्ध केलं. ते लिहायला तिला काही वर्षं लागली. सावत्र बापाने लहानपणी आपल्यावर अत्याचार केले, असं तिने त्यात लिहिलं. आणि ज्या भावना घरात उच्चारायची सोय नव्हती, विशेषतः राग, त्या रंगमंचावर उच्चारता येत, असंही लिहिलं. या दोन गोष्टींचा सांधा किती घट्ट जुळवायचा हे ज्याने त्याने ठरवावं. मला एवढंच दिसतं, की 'हे काम कर, नाहीतर काम मिळणार नाही' हे वाक्य तिने कोणाच्या तोंडून ऐकलं होतं ते कळल्यावर त्या उडणाऱ्या जोगिणीकडे पूर्वीसारखं हसून पाहता येत नाही.

1977 मध्ये बर्ट रेनॉल्ड्सबरोबरचा 'स्मोकी अँड द बँडिट' हा मोटारींच्या पाठलागाचा चित्रपट आला. 'स्टार वॉर्स'च्या खालोखाल त्या वर्षी त्याने अमेरिकेत पैसा केला. तिने त्यात गंमत केली. पण आपला विषय तो नव्हे.

आपला विषय 'नॉर्मा रे'. नॉर्थ कॅरोलायना राज्यात रोअनोक रॅपिड्स गावी जे. पी. स्टीव्हन्स कंपनीच्या कापड गिरण्या होत्या. तिथे क्रिस्टल ली सटन नावाची कामगार स्त्री युनियनच्या बाजूने उभी राहिली, म्हणून 1973 च्या मे महिन्यात तिला कामावरून काढलं. जाता जाता तिने एका पुठ्ठ्यावर 'युनियन' हा एकच शब्द लिहिला आणि टेबलावर चढून तो पुठ्ठा सगळ्यांना दिसेल असा धरला. भोवतालच्या कामगारांनी एकामागून एक यंत्रं बंद केली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मतदान होऊन युनियन जिंकली. करार व्हायला मात्र 1980 उजाडलं. ज्यांनी परळ-लालबागच्या गिरण्यांचा खडखडाट ऐकलेला आहे, त्यांना साचे बंद पडताना पसरणारी ती शांतता काय असते हे वेगळं सांगायला नको.

दिग्दर्शक मार्टिन रिट. हा स्वतः 1950 नंतरच्या त्या काळ्या वर्षांत डाव्या मतांच्या संशयावरून दूरचित्रवाणीतून बहिष्कृत झालेला माणूस. काम नाकारलं जाणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. अधिक नाव असलेल्या नट्यांकडे आधी विचारणा झाली होती. शेवटी सॅली फील्डचं नाव पुढे आलं तेव्हा त्याने ते धरून ठेवलं. चित्रीकरण अलाबामा राज्यात ओपलायका इथल्या खऱ्या गिरणीत झालं. ते टेबलावरचं दृश्य पाहताना लक्षात घ्यावं, की त्यात भाषण नाही. हातात एक शब्द आहे, आणि चेहरा आहे. भीती, हट्ट, आणि आपण हे काय करून बसलो याचं आश्चर्य, असं सगळं त्या चेहऱ्यावर एकदम दिसतं. 1979 साली कान महोत्सवात आणि 1980 च्या एप्रिलमध्ये ऑस्करच्या सोहळ्यात तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला.

पाच वर्षांनी मिळालेला दुसरा मान 'प्लेसेस इन द हार्ट'साठी. रॉबर्ट बेंटनचं हे चित्र 1984 चं. काळ 1935 चा, गाव टेक्ससमधलं वॉक्सहॅची. नवरा मारला गेलेली बाई कर्जातलं घर वाचवण्यासाठी कपाशी लावते आणि बोटं रक्ताळेपर्यंत वेचणी करते. आपल्या वऱ्हाडातल्या बायांना हे दृश्य परकं वाटू नये. आधी गिरणीत सूत, मग शेतात कापूस. एका अर्थी ही बाई उलट्या दिशेने मुळाकडे गेली, असं मला गमतीने वाटतं.

आता ते 1985 चं भाषण पुन्हा आठवा. अठराव्या वर्षी लोकांना ती आवडली होती, पण ती कोण आवडली होती? लाटांवरची पोर. विसाव्या वर्षी आवडली ती उडणारी. दोन्ही वेळा आवडणं आधी झालं आणि काम नंतर. आपल्या स्वतःच्या कामावरून कोणी आपल्याला आवडून घ्यावं, ही गोष्ट तिला 1976 पर्यंत ठाऊकच नव्हती. 1980 चा मान अनपेक्षित म्हणून सोडून देता आला असता. दुसऱ्या वेळी सोडून देता येईना. त्या वाक्यात मला आढ्यता दिसत नाही. निकालाचा कागद दोनदा वाचून पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते दिसतं. आणि असे चेहरे मी दर जून महिन्यात पाहतो.

दोन ऑस्कर मिळाल्यावर तरी सगळं सुरळीत झालं असेल असं आपल्याला वाटेल. पण हॉलिवूडमध्ये स्त्रीचं चाळिसावं वर्ष म्हणजे एक जकातनाका आहे. 1988 साली 'पंचलाइन'मध्ये टॉम हँक्स तिच्यावर प्रेम करणारा तरुण होता. 1994 साली 'फॉरेस्ट गंप'मध्ये ती त्याच टॉम हँक्सची आई झाली. वयात अंतर जेमतेम दहा वर्षांचं! मधल्या सहा वर्षांत तो काही बाळ झाला नव्हता. आपल्याकडे त्याच कथेवरून 2022 मध्ये 'लाल सिंग चड्ढा' निघाला, त्यात तर आईचं काम करणारी मोना सिंग आमिर खानहून सोळा-सतरा वर्षांनी धाकटी. आणि तिचंही पहिलं नाव दूरचित्रवाणीवरच्या मालिकेतलं. तेव्हा तिकडच्यांना नावं ठेवताना जरा जपून. सॅली फील्डने ती आईही मन लावून केली, आणि चित्रपटांत कामं कमी झाली तेव्हा ज्या दूरचित्रवाणीने तिला एकदा अडकवलं होतं तिच्याकडेच ती परत गेली. 'ईआर' मालिकेतल्या मनोरुग्ण आईसाठी 2001 मध्ये, आणि 'ब्रदर्स अँड सिस्टर्स'मधल्या कुटुंबप्रमुख विधवेसाठी 2007 मध्ये तिला पुन्हा एमी मिळालं. या दुसऱ्या वेळी ती युद्धाविरुद्ध, आयांच्या बाजूने बोलली, तेव्हा तिच्या तोंडच्या एका शिवीवजा शब्दापाशी प्रक्षेपणाचा आवाज बंद करण्यात आला. राग उच्चारायला ती शिकली होती, हे खरं.

आणि मग शेवटची मोठी परीक्षा. स्टीव्हन स्पिलबर्गने लिंकनवरच्या चित्रपटात मेरी लिंकनचं काम तिला देऊ केलं होतं. लिंकन होणार होता लिअम नीसन. काम वर्षानुवर्षं लांबलं. 2010 मध्ये नीसनने अंग काढून घेतलं आणि डॅनियल डे-लुइस आला. तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान; खऱ्या आयुष्यात मेरी लिंकनच नवऱ्याहून नऊ वर्षांनी लहान होती. स्पिलबर्गने सांगितलं, की आता जोडी जमत नाही. साठी उलटलेली, दोन ऑस्कर मिळवलेली बाई या ठिकाणी काय करते? मान दुखावून घरी बसते, आणि तिला कोणी दोष देत नाही. हिने सांगितलं, की माझी परीक्षा घ्या. एकदा एकटीची चाचणी झाली. पुरेशी वाटली नाही. मग डे-लुइस आयर्लंडहून विमानाने आला आणि दोघांनी मिळून प्रवेश करून पाहिला. त्याच दिवशी तिला होकार कळला. भूमिकेसाठी तिने आपलं वजन पंचवीस पौंडांनी वाढवलं; हवेत उडणाऱ्या त्या नव्वद पौंडांच्या पोरीची इथे आठवण होते. 2012 साली चित्रपट आला. मुलगा गमावलेली, डोकेदुखीने आणि दुःखाने पिडलेली, तरी राजकारण अचूक कळणारी मेरी तिने उभी केली, आणि तिसऱ्यांदा तिचं नाव ऑस्करच्या यादीत गेलं. बाहुली मात्र या वेळी दुसरीला मिळाली.

नंतर ती रंगभूमीकडे वळली. टेनेसी विल्यम्सच्या 'द ग्लास मिनॅजरी'तली आई तिने 2017 मध्ये न्यूयॉर्कला केली. टीकाकारांचं एकमत झालं नाही आणि प्रयोग ठरल्याआधी थांबले. 2019 च्या वसंतात ती लंडनला ओल्ड व्हिक रंगमंदिरात आर्थर मिलरच्या 'ऑल माय सन्स'मध्ये उभी राहिली. वय बहात्तर. तिथल्या तरुण प्रेक्षकांपैकी पुष्कळांनी उडणाऱ्या जोगिणीचं नावसुद्धा ऐकलं नसेल.